गॅरेज वाढवलं

संध्याकाळी शटर ओढताना गॅरेज ‘बंद केलं’ म्हणायचं नाही, ‘वाढवलं’ म्हणायचं, हा वडिलांचा दंडक. लहानपणी एकदा माझ्या तोंडून ‘बंद’ निघालं, तर ग्रीसच्या हातानं थोबाडीत बसली होती.

पुढं त्यांना लकवा मारला आणि उजवा हात गेला. चिकलठाण्याचं ते स्कूटरचं गॅरेज दोन वर्षं तसंच पडून राहिलं. शेवटी भाड्यानं ब्रेकर मशीन आणून मीच ते पाडायला काढलं. आधी कटरनं पत्रे कापले, मग भिंतीला लागलो. वडील समोर लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. घरात जा म्हणून तीनदा सांगितलं, हलले नाहीत. माझं डोकं फिरलं होतं. कोणावर, ते आजही सांगता येणार नाही.

मागची भिंत कोसळली तेव्हा ते काहीतरी ओरडले. मशीनच्या आवाजात ऐकू येईना. मी बटण सोडलं आणि खेकसलो, “काय आता?”

“झालं का?”

मी तोंडावरची धूळ पुसली. “व्हय. वाढवलं.”

वाकड्या तोंडानं एकेक अक्षर जुळवत ते म्हणाले, “नाय. आता बंद म्हण.”