अबोल्यात काढलेली हवा

गाडीचा ब्रेक मऊ लागतो, हे मी नवऱ्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो पेपरमधून डोकं न काढता म्हणाला, "तुह्या पायाले वाटत असन तसं."

गाडी रोज मीच चालवते. वर्ध्याला लागूनच्या सिंदी मेघेतल्या घरापासून पवनारच्या पलीकडे माझी शाळा आहे, तिथवर जाते आणि येते. तो मोटारसायकलवाला. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाला, "पाहून घेतो." तिसऱ्यांदा मी सांगितलंच नाही, गाडीनंच सांगितलं.

कारंज्याहून एका साखरपुड्यावरून परतत होतो. हायवेवरच्या ट्रकांमधून गाडी नीट आली. आमच्या गल्लीतही नीट वळली. फाटकातून आत घेतली, ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल थेट तळाशी गेलं. अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं झालं. हँडब्रेक ओढेपर्यंत गाडीनं कंपाउंडमधल्या पपईच्या झाडाला टेकून घेतलं होतं. गाडी अगदी हळू होती, कुणाला लागलं नाही. पण झाड हललं आणि वरच्या पपया धपाधप बॉनेटवर पडल्या.

शेजारच्या सीटवरून नवरा म्हणाला, "तुले झाड दिसलं नाई काय?"

त्या वाक्यानंतर आमच्या घरात अबोला सुरू झाला. अबोल्याचे आमचे नियम ठरलेले आहेत. जेवण वाढलं जातं, चहा मिळतो, इस्त्रीचे कपडे जागेवर असतात. फक्त बोलायचं असेल ते दुसऱ्या कशाला तरी उद्देशून बोलायचं.

आमचा नेहमीचा मेकॅनिक नेमका मेव्हणीच्या लग्नाला गावी गेलेला. मग रविवारी सकाळी नवऱ्यानं मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ पाहिले आणि जुनी बनियन घालून अंगणात उतरला. गाडीला जॅक लावला, खाली लाकडी ठोकळे दिले, चाकांना विटा लावल्या आणि आत शिरला. थोड्या वेळानं गाडीखालून आवाज आला. तो फाटकाशी बोलत होता. "पाईप सडला. मागच्या चाकाकडं जाते तो. पूरा गंजला."

मी तुळशीला म्हणाले, "म्हणजे पायात काही दोष नव्हता."

जुना पाईप निघेना. साध्या पान्यानं नट गोल झाला, मग त्यानं पक्कड लावली, मग तोंड सोडलं. शेवटी नट सुटला तो त्याच्या डोक्यावर ब्रेक ऑइलची धार सोडूनच. डोकं धुऊन तो वर्ध्याला गेला, जुन्या पाईपच्या मापाचा नवा घेऊन आला आणि दुपारपर्यंत तो बसवलाही. मला मनातून कौतुक वाटलं. पण ते सांगायला तोंड मोकळं नव्हतं.

अडचण यापुढे होती. पाईप बदलताना नळीत हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकामागची निपल, म्हणजे हवा काढायची छोटी तोटी, सैल करायची, हवा आणि तेल बाटलीत येऊ द्यायचं, निपल पुन्हा घट्ट करायची. मगच पहिल्यानं पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत.

नवऱ्यानं शेजारच्या काकांना बोलावलं. काका निवृत्त तलाठी. दोन्ही पक्षांचं ऐकून घ्यायची त्यांना सवय. त्यांनी पेडल दाबून पाहिलं आणि उतरले. "माह्या गुडघ्यात जोर नाई. मॅडमले बसवा. मी मधात बसतो."

मी स्टिअरिंगमागे बसले. काकांनी गाडीच्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची टाकली.

"काका, तिले म्हणा दाब," गाडीखालून.

"मॅडम, दाबा म्हणते."

"काका, त्यांना सांगा, दाबलं."

"दाबलं म्हणते, बरं का!"

निपल उघडली, पेडल खाली गेलं, बाटलीत बुडबुड ऐकू आली. सगळं बरं चाललं होतं. तेवढ्यात काकूंनी कुंपणावरून काकांना चहा दिला.

"काका, तिले म्हणा, सोडू नको!"

काकांनी घोट घेतलेला होता. "मॅडम, सोड..." म्हणाले आणि त्यांना ठसका लागला.

मी सोडलं. बाटलीतून गुर्रकन आवाज आला. गाडीखालून नवरा सरकत बाहेर आला. गालावर तेल, कपाळावर माती.

"काऊन सोडलं?"

कितीतरी दिवसांनी तो थेट माझ्याशी बोलला होता. मी म्हणाले, "काकांनी सांगितलं."

"मी खोकलून राह्यलो होतो!" काका म्हणाले.

"आता मीच बोलतो," नवरा म्हणाला. "दाब म्हणलं की दाब. सोड म्हणल्याशिवाय सोडू नको."

मग आमचा संवाद सुरू झाला. "दाब!" "दाबलं!" "सोड!" "सोडलं!" आवाज पोचावा म्हणून दोघंही ओरडत होतो. रस्त्यानं जाणारी भाजीवाली थांबली, टोपलं सावरत कुंपणावरून वाकली. तिला गाडीखाली दोन पाय दिसले आणि गाडीत स्टिअरिंग धरून बसलेली मी.

"ओ बाई," ती घाबरून म्हणाली, "नवऱ्यावर गाडी घालून राह्यल्या काय?"

"नाई ओ," गाडीखालचे पाय म्हणाले, "दुरुस्ती चालू हाये."

तिला ते पटलं असं काही वाटलं नाही. गल्लीच्या टोकापर्यंत ती मागे वळून बघत होती.

हळूहळू बुडबुडे थांबले आणि पेडल पायाखाली घट्ट होऊ लागलं. मग एकाएकी पुन्हा नुसते बुडबुडे. नवऱ्याला कारण कळेना. मी उतरले, बॉनेट उघडलं आणि ब्रेक ऑइलची डबी पाहिली. कोरडी ठणठणीत. या आरडाओरड्यात ती भरायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"अहो, डबीत ऑइलच नाही."

तो बाहेर आला आणि त्यानं वाकून डबीत पाहिलं.

"म्हण ना," तो म्हणाला.

"काय?"

"जे म्हणायचं ते."

"नंतर म्हणेन. आधी ऑइल ओता."

त्याला हसू फुटलं. मग मलाही. काकांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. सगळं काम पहिल्यापासून करावं लागलं, पण या वेळी घाई नव्हती. शेवटी पेडल अर्ध्यात येऊन दगडासारखं थांबलं.

"कसं लागून राह्यलं?" त्यानं खाली बसूनच विचारलं.

"घट्ट."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यानं ठोकळे काढून जॅक उतरवला, विटा काढल्या. आधी गल्लीतच हळू चालवून पाहिलं, मग पवनारच्या रस्त्याला लागलो. काका आपणहून मागे बसले होते. मोकळा रस्ता पाहून नवरा म्हणाला, "मार ब्रेक." मी मारला. त्याचा चष्मा डॅशबोर्डवर आणि काकांची टोपी माझ्या मांडीवर.

धाम नदीच्या अलीकडे चहाला थांबलो. नवरा काळ्या हातांनी कप धरून चहावाल्याला सांगू लागला, पाईप मी काढला, नवा मी बसवला, हवाही मीच काढली. काकांनी घसा साफ केला.

"अन् पाय कोणाचा होता?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग चहावाल्याकडे. "पाय हिचा होता," तो म्हणाला. "अन् पायाचंच खरं होतं."

चहावाल्याला यातलं काही कळलं नाही. त्यानं विचारलं, "साखर कमी पडली काय?"