झाकण उघडं धरून घेतलेलं माप

परसात शेड तयार घ्यावं की बांधून, यावर मी महिनाभर विचार केला, टेपनं परस चोख मोजलं आणि तयार मागवलं. परसाकडे जाणारा बोळ मात्र मोजायचा राहिला. शेड बोळाच्या तोंडाशीच अडलं आणि सगळ्या गल्लीदेखत टेम्पोतून परत गेलं. बायकोनं गव्हाची कोठी बैठकीत माझ्या खुर्चीच्या जागी आणून ठेवली.

मग करमाडहून एक वेल्डर आला. त्याच्या खिशात टेप नव्हता, सुतळी होती. परसाकडे त्यानं पाहिलंही नाही.

"आत काय ठेवायचंय, ते आधी समदं बाहेर काढा."

कूलर निघाला, शिडी निघाली. प्रत्येक वस्तूला सुतळी लावून, एक डोळा मिटून, तो गाठ मारत गेला. कोठीपाशी थांबून बायकोला म्हणाला, "ताई, झाकण उघडून धरा बरं." गाठ त्यानं उघड्या झाकणाच्या उंचीवर मारली.

मी म्हणालो, "अहो, कोठी त्या तयार शेडमध्येही मावत होती."

"मावली आसती, साहेब. पर ताईनं गहू कसा काढला आसता?"

इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

अँगल आणि पत्रे एकेक करून बोळातून आत गेले. तिसऱ्या दिवशी शेड उभं राहिलं. बायकोनं आत जाऊन झाकण सताड उघडलं. वर चार बोटं जागा उरली! मी गल्लीला बोलावून बोलावून दाखवलं, जणू वेल्डिंग मीच केलं होतं.

वेल्डर गेल्यावर बायको म्हणाली, "आपलं घर बांधलं तेव्हा कुठं होते हो हे?"