गॉथिकची खालची रेघ

माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा, नातू परवा पुण्याहून आला. पाठीवर पिशवी, पिशवीत लॅपटॉप. वाकून पाया पडला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "आजी, आजोबांची ती गॉथिक अक्षरं तुमच्याकडे आहेत ना? मला त्यांचा फॉन्ट करायचाय."

आजोबांची म्हणे. चहा ठेवायला उठले होते, ती परत खाली बसले. भासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी स्वतः काठीशिवाय अंगणात उतरत नाही. तरी तो एक शब्द ऐकला आणि अंगाची लाहीलाही झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं सगळे सांगतात. मला ते जमत नाही आणि जमवायची इच्छाही नाही.

ट्रंकेतून कागदांची गुंडाळी काढून त्याच्यासमोर टाकली. त्यानं एकेक कागद उलगडला, फोटो काढले आणि विचारलं, "प्रत्येक कागदावर खाली ही तांबडी रेघ कशाला?" पोराला गॉथिक दिसली आणि रेघही दिसली, म्हणजे डोळे तरी आजोबांवर गेले नव्हते. म्हणून त्याला सगळं सांगितलं. तेच इथं लिहिते.

माझे वडील अमरावतीला बांधकाम खात्याच्या कचेरीत ट्रेसर होते. इंग्रजांच्या वेळचे गावोगावचे नकाशे फाटायला आले होते, त्यांच्या नकला करायचं काम. नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवायची आणि खाली दिसेल ती रेघ शाईनं वर उतरवायची. त्या नकाशांच्या माथ्यावर गावाचं नाव गॉथिकमध्ये लिहिलेलं असे. जुन्या इंग्रजी सर्टिफिकिटांवर असतात ती अक्षरं, एकीकडे जाड, एकीकडे बारीक, टोकाटोकाला काटे आलेली. वडील खराब झालेले कागद घरी आणायचे आणि मी त्यांच्यावरून अक्षरं गिरवायची. मोर्शीचा एम घेतला, चांदूर बाजारचा सी आणि बी, शेंदूरजनाघाटचा एस, रिद्धपूरचा आर. क्यू आणि एक्स आमच्या अख्ख्या जिल्ह्यात एकाही गावाच्या वाट्याला आले नव्हते. ते मी बाकीच्या अक्षरांची वळणं पाहून माझ्या मनानं काढले.

वडिलांची शिस्त एकच होती. "आपलं अक्षर वरून लटकते पोरी, त्याले वरची रेघ लागते," ते म्हणायचे. "इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं राह्यते. आधी खालची रेघ मार, मंग अक्षर." म्हणून माझ्या प्रत्येक कागदावर खाली तांबड्या पेन्सिलीची रेघ आहे. ती मारल्याशिवाय मी कधी शाईत टाक बुडवला नाही.

चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा मी पास झाले आणि मग लग्न होऊन अकोल्याला आले. सासरचं मूळ शेतीचं. जमीन बटाईनं दुसऱ्याला कसायला देऊन थोरल्या भासऱ्यांनी अकोल्यात छापखाना काढला होता. लग्नपत्रिका, दुकानांची पावतीपुस्तकं, कुस्त्यांच्या दंगलीची पोस्टरं असली कामं चालायची. माझे यजमान तिथं मशीनवर. छापखान्यात अक्षरांच्या ठोकळ्यांना खिळे म्हणतात, बारीक मजकुराला शिशाचे आणि पोस्टरांना लाकडाचे. मला त्या खिळ्यांना हात लावायची फार हौस होती. पण छापखाना पुढच्या भागात आणि मी मागच्या.

आणि मधे मर्यादा. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर यायचं नाही. यावंच लागलं तर पदर कपाळापर्यंत ओढायचा, आणि बोलायचं तर मुळीच नाही. भासऱ्यानंही तिच्याशी थेट बोलायचं नाही. कुणी तिसरं माणूस असलं तर त्याला सांगायचं, "तिले सांग." कुणी नसलं तर भिंतीला. मी चुलीपाशी बसलेली असायची आणि ओसरीवरून ते भिंतीला म्हणायचे, "पानी पाह्यजे." मी तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागं सरायची. मोठी माणसं त्याला आदर म्हणत. मला त्यात आदर कधी दिसला नाही. त्यांना भिंत सोयीची होती, कारण ती उलटून बोलत नव्हती.

लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा मुलींच्या शाळेत चित्रकलेची जागा निघणार असं कळलं. तिथल्या मुख्याध्यापिका हळदीकुंकवाला भेटल्या होत्या. म्हणाल्या, "काम घेऊन ये दाखवायला. पण घरच्यांना विचारून ये, मागाहून शाळेत येऊन कुणी तमाशा केलेला मला चालणार नाही." मी ह्यांना सांगितलं, ह्यांनी ओसरीवर सांगितलं आणि भिंतीतून उत्तर आलं, "आपल्या घरच्या बाया मास्तरकी करत नाहीत."

मला ती नोकरी हवी होती. पगारासाठी नाही असं म्हणणार नाही, पण त्याहून मला दिवसातून काही तास अशा जागी काढायचे होते जिथं लोक माझ्याकडे पाहून बोलतील. दुसरं काही मी त्या घराकडे मागितलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात अमरावतीच्या एका कॉलेजाचं सर्टिफिकिटांचं काम भासऱ्यांना मिळायची शक्यता निर्माण झाली. कॉलेजाची अट अशी की वरचा मथळा गॉथिकमध्येच पाहिजे. अकोल्यात कुणाकडे गॉथिक नव्हती, आणि मुंबईहून खिळे मागवायचे तर तोवर पदवीदान उरकलं असतं. मग कुणीतरी त्यांना आठवण करून दिली असावी, की घरात ट्रेसरची पोर आहे. एका सकाळी भिंत आपणहून बोलली. "तिले सांग, तिच्यापाशी अक्षरं हायेत थे दे म्हना. काम झालं तं शाळेचं पाहू."

"पाहू नाही," मी ह्यांना म्हटलं. "जा म्हणा. शब्द द्या म्हणा."

हे गेले, परत आले आणि म्हणाले, "देला शब्द." ते आयुष्यात पहिल्यांदा निरोप पुरता घेऊन आले होते, म्हणून मी विश्वास ठेवला.

महिनाभर दुपारी घरातली कामं उरकून मी बसत होते. जुने कागद जपून ठेवले आणि त्यांच्यावरून मोठ्या आकाराची नवी नक्कल काढली, मोठ्या लिपीतली अक्षरं आणि लहान लिपीतली अक्षरं, सगळी तांबड्या रेघेवर उभी. भासऱ्यांनी ती नक्कल कात्रीनं कापली. एकेक अक्षर वेगळं केलं आणि सागवानी ठोकळ्यावर उलटं चिकटवलं, सुतारानं कोरायला. उलटं चिकटवायचं हे त्यांना कळत होतं, छापखान्याचा माणूस. पण कात्रीत रेघ गेली. आणि उभा जन्म मराठी पोस्टरं छापण्यात गेलेला, त्यामुळे त्यांनी सवयीनं प्रत्येक ठोकळ्याच्या वरच्या कडेला रूळ धरला आणि सगळी अक्षरं त्या कडेला टेकवली. उंच अक्षरांचं काही बिघडलं नाही. पण लहान लिपीतली ए, सी, ई, आर, एन ही बुटकी अक्षरं वर जाऊन चिकटली आणि त्यांच्या पायाखाली कोरं लाकूड राहिलं.

डिंक वाळायला ठोकळे अंगणात मांडले होते, तेव्हा मी ते पाहिलं. तेव्हाच्या तेव्हा ह्यांना म्हटलं, "वरून टांगली आहेत. सुताराकडे जायच्या आधी सांगा."

"सांगतो," हे म्हणाले. आणि सांगितलं नाही. भाऊ रागावेल म्हणून सांगितलं नाही. ह्या माणसाशी मी पुढं पुष्कळ वर्षं संसार केला, पण त्या 'सांगतो'चा राग माझ्या मनातून कधी गेला नाही. भासरे निदान भिंतीशी तरी बोलत होते.

ठोकळे कोरून आले. ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवणं सुरू झालं. आतून मला ऐकू यायचं. "मुंबईले कायले जा लागते? म्या घरीच बसून काढली." समोरचा वाहवा करायचा. मी पोळ्या लाटत होते. तेव्हा मला जो राग आला, तसा आधी कधी आला नव्हता.

नमुना छापून भासरे एस.टी.नं अमरावतीला गेले आणि संध्याकाळी परत आले ते चपला न काढता ओसरीवर उभे राहिले. प्राचार्यांनी कागद हातात धरून विचारलं होतं, अक्षरं दोरीवर वाळत घातली आहेत काय. दुसरा नमुना आणायला आठवड्याची मुदत दिली होती. हे सगळं ते ह्यांना सांगत होते, पण आवाज भिंतीसाठी होता. "इचार तिले, कशी अक्षरं देली थे. माह्या तोंडाले काळं लावलं तिनं."

इतके दिवस ती अक्षरं त्यांची होती. त्या संध्याकाळी ती माझी झाली.

मी हात पुसले आणि बाहेर आले. पदर खांद्यावर होता, तो मी डोक्यावर घेतला नाही. जाऊबाई तुळशीपाशी दिवा लावत होत्या, त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. मी भासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या जवळून त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होते.

"त्याहिले नका विचारू, मले विचारा," मी म्हटलं. "अक्षरं बरोबर हायेत. तुमी वरून टांगली. म्या तवाच सांगतलं होतं."

त्यांनी भावाकडे पाहिलं. भावानं जमिनीकडे पाहिलं.

"अजून बी दुरुस्त होते," मी म्हटलं. "बुटक्या अक्षराच्या ठोकळ्याचं खालचं कोरं लाकूड करवतीनं कापा, अन् थोच तुकडा वर चिकटवा. अक्षर खाली येते. सुताराचं एका दुपारचं काम हाय. अन् मंग शाळेत या, अन् बाईले सांगा का अक्षरं कोनाची हायेत."

त्यांना ते पटलं होतं. मी त्यांचे डोळे पाहत होते, करवत कुठून फिरवायची ते त्यांना तिथंच दिसलं. त्यांनी कोनाड्यातल्या ठोकळ्यांकडे पाहिलं, मग भिंतीकडे वळले आणि भिंतीला म्हणाले, "या घरातली बाई आता भासऱ्याले शिकवून राह्यली. तिले सांग, काम बी गेलं अन् शाळा बी गेली."

सकाळी उठले तर बंब पेटलेला होता. आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब रोज मीच पेटवायची. त्या दिवशी तो माझ्या आधी पेटला होता आणि अंगणात सागवानाचा वास होता. कोनाडा रिकामा होता. मी वाकून बंबाच्या तोंडातून पाहिलं. वरच्या थरात रिद्धपूरचा आर होता, अर्धा लाल झालेला. भासरे आंघोळ करून कपाळाला गंध लावून केव्हाच पुढं छापखान्यात जाऊन बसले होते. मी सांगितलेली दुरुस्ती केली असती तर काम मिळालं असतं. पण मग अक्षरं माझी आहेत हे मान्य करावं लागलं असतं. त्यापेक्षा त्यांना पाणी तापवणं बरं वाटलं.

जाऊबाई दारात येऊन हळूच म्हणाल्या, "रडू नको वं."

मी रडत नव्हते. मी घंगाळ भरलं. पाणी कढत होतं, त्यात विसण घातलं आणि केसांवरून न्हाले, शिकेकाई लावून, सावकाश. मग ट्रंकेतून जुने कागद काढले, इस्त्रीचं लुगडं नेसले आणि पुढच्या दारानं, छापखान्यातून, भासऱ्यांच्या टेबलासमोरून बाहेर पडले. हे मशीनवर होते. मशीन थांबलं नाही.

मुख्याध्यापिकांनी कागद खिडकीपाशी नेऊन पाहिले. तांबड्या रेघेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "कुणी शिकवलं?" मी वडिलांचं सांगितलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि मला जिची भीती होती ती गोष्ट विचारली. "घरचे काय म्हणतात? मोठ्यांची संमती आहे ना?"

माझे केस अजून ओले होते. मी म्हटलं, "आज सकाळी भासऱ्यांनी स्वतः उठून बंब पेटवला. त्याच पाण्यानं न्हाऊन आले."

बाईंचा चेहरा एकदम सैल झाला. "असं घर मिळायला भाग्य लागतं," त्या म्हणाल्या. जूनपासून मला रुजू करून घेतलं.

शाळेत येऊन कुणी तमाशा केला नाही. करायचा तर अक्षरांचं बोलावं लागलं असतं. भासऱ्यांनी गावात सांगितलं, गॉथिक काढली होती पण वाळवी लागली. पुढं मी त्यांच्याशी रोज थेट बोलायची. "भात वाढू का?" तोंडासमोर उभी राहून विचारायची. ते भिंतीकडे पाहून मान हलवायचे. मला त्यांची कधी दया आली नाही.

पोरानं हे सगळं ऐकलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर माझा आर होता, आणि त्याच्या पायाखाली एक आडवी रेघ. "कंप्युटरपण आधी खालचीच रेघ मागतो, आजी," तो म्हणाला. मी चष्मा लावून पाहिलं. अक्षर नीट उभं होतं.

"आता फॉन्टला नाव द्यावं लागेल," तो चाचरत म्हणाला. "मी आजोबांचं द्यायचं ठरवलं होतं. आता तुमचं देऊ का?"

"माझं नको," मी म्हटलं. "बंब दे."

तो हसला. मी हसले नाही. मग त्याचंही हसू थांबलं, आणि त्यानं ते टाइप करेपर्यंत मी चहा ठेवायला उठले नाही.