सिस्टरबाईंचे जॅमचे वडे

मिलकाबाई पेझारकर दौंडच्या रेल्वे दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. सगळी आळी त्यांना सिस्टरबाई म्हणायची. आळीत ज्यू घर त्यांचं एकटंच. डिसेंबरात हनुक्का आला, की रोज एक वाढवत त्या आठ दिवस दिवे लावायच्या आणि काहीतरी तळायच्या. सणच तेलाचा. फार पूर्वी ज्यूंच्या मंदिरातल्या दिव्याचं एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं होतं, त्याची ती आठवण. करंज्या, पुऱ्या, असा बेत ठरलेला.

१९९८ साली लेक दीना इस्राएलला राहायला गेली. तिनं फोनवर सांगितलं, इथं हनुक्काला जॅम भरलेले फुगीर वडे खातात. झालं, सिस्टरबाईंनी लगेच बेकरीतून यीस्ट आणलं.

सणाच्या पहिल्या दिवशी मैदा भिजवून त्या अंघोळीला गेल्या. शेजारची सिंधूबाई शेवंतीची फुलं द्यायला आली, तर पीठ झाकण उचलून ओट्यावर उतरत होतं. तिनं ते दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि हाक दिली, "सिस्टरबाई, लौकर या वो, ह्ये पळून चाललंय."

वडे तळले, टम्म फुगले, पण जॅम काही आत जाईना. चमचा घातला की वडा फाटायचा. मग सिस्टरबाईंनी औषधाच्या दुकानातून कोरी जाड सिरिंज आणवली, सुई काढली आणि जॅम गरम करून नळीत भरला.

सिंधूबाईचा नवरा हौसराव इंजेक्शनला इतका भ्यायचा, की एकदा दवाखान्याच्या खिडकीतून पळाला होता. वडा धरायला नेमकं त्यालाच बोलावलं. त्यानं डोळे मिटून वडा पुढं केला. नळीत फळाचा तुकडा अडकला, सिस्टरबाईंनी जोर लावला आणि जॅम वड्यातून आरपार जाऊन त्याच्या पांढऱ्या टोपीवर उडाला.

हौसरावानं एक डोळा उघडला. टोपीवर बोट फिरवून चाटलं.

"दुखलं न्हाई," तो म्हणाला.

सिस्टरबाई हसता हसता खालीच बसल्या. लेक गेल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. तेवढ्यात दीनाचाच फोन आला. तिला सांगायला गेल्या तर हसू आवरेना, म्हणून रिसीव्हर त्यांनी नुसता स्वयंपाकघरातल्या हशाकडं धरला. तिकडं ती काही न कळताच हसायला लागली.

त्या वर्षी आठही दिवस आळी संध्याकाळी त्यांच्याकडंच जमली. शेवटच्या दिवशी सगळे दिवे लागले, तेव्हा सिंधूबाई त्यांच्याच कढईत गुळाचे गुलगुले तळत होती आणि सिस्टरबाई गरम गुलगुला या हातातून त्या हातात उडवत खात होत्या.