शाळा बुडवून आत्याकडे

शाळेच्या सुट्ट्या ज्याने कुणी ठरवल्या, त्याच्या घरी भातशेती नसणार. दिवाळीची सुट्टी लागते तेव्हा आमच्याकडे कापणी जोरात असते. मे महिन्याची लागते तेव्हा बांध घालायचे असतात, कौलं चाळायची असतात, पावसाळ्याचं सरपण भरायचं असतं. मुलांना सुट्टी लागली की आम्हाला कामं लागतात. आमची खरी सुट्टी पौषात. झोडणी उरकलेली, गिरणीवरून तांदूळ घरात आलेला, शेतात वाल आपापले वाढत असतात. तेव्हा कुठे घराला कुलूप लावता येतं, आणि नेमकी तेव्हा शाळा रंगात आलेली असते. म्हणून आमची लेक शाळेत जायला लागल्यापासून दरवर्षी आम्ही तिची शाळा बुडवली आहे. हे आधीच सांगते. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही.

जायचं असतं ते नाणेघाट चढून, माझ्या नणंदेकडे. माझं माहेर शहापूरकडचं, डोळखांबच्या पुढचं. लग्न होऊन मुरबाडला आले तेव्हा पहिल्याच पौषात माझ्या डोक्यावर तांदळाचं गाठोडं आलं आणि सासूबाई म्हणाल्या, चल, माझ्या लेकीला नवा तांदूळ पोचवायचा आहे. नणंद घाटावर दिलेली. तिच्याकडेही भात पिकतो, पण माहेरचा तांदूळ आल्याशिवाय ती त्या वर्षीचा नवा भात तोंडात घालत नाही. तो तांदूळ पायी चढून न्यायचा आणि तिच्या चुलीवर भाचीने रांधायचा. भाची नव्हती तोवर मी रांधत होते. लेकीला आधण समजायला लागलं तशी चूल तिच्याकडे गेली. माळशेजच्या घाटाने जीप जाते, नाही असं नाही. पण जीपमधून उतरलेला तांदूळ दुकानातून आणल्यासारखा वाटतो, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं, आणि नवऱ्याची जी थोडी म्हणणी मला पटतात त्यातलं हे एक.

एक दिवस चढायला, एक दिवस राहायला, एक दिवस उतरायला. रविवारात हे मावत नाही. गावातल्या शाळेत याचं काही वाटत नव्हतं. आमचे गुरुजी म्हणायचे, या जाऊन, येताना माझ्यासाठी घाटावरचे बटाटे आणा. पण यंदा लेक आठवीला हायस्कूलमध्ये गेली, आणि तिथल्या वर्गशिक्षिका वेगळ्या. त्या आधी डोळखांबकडे होत्या, म्हणजे माझ्याच माहेरच्या भागात. आईबापांबरोबर कामाला बाहेर गेलेली पोरं परत वर्गात यावीत म्हणून पाड्यापाड्यावर फिरलेल्या. अशा बाईला शाळा बुडवणं म्हणजे काय वाटत असेल, हे मला कळत होतं. त्या चुकीचं काही बोलत नव्हत्या, म्हणून तर पंचाईत.

त्यांनी वर्गात सांगितलं होतं की संमेलनात एका मुलीला आदर्श विद्यार्थिनीचं बक्षीस मिळेल आणि त्यासाठी विनाकारण एकही खाडा चालणार नाही. लेकीचा अभ्यास चांगला, अक्षर मोत्यासारखं, आणि हायस्कूलमध्ये तोवर एकही खाडा नाही. बक्षीस तिचंच, असं अख्खा वर्ग म्हणत होता. माझ्या नवऱ्याने तर प्रमाणपत्रासाठी भिंतीला खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. माणूस उतावळा.

मी धसईच्या बाजाराला गेले तेव्हा वाट वाकडी करून हायस्कूलमध्ये बाईंना भेटले. त्यांनी नीट ऐकून घेतलं. नंतर शांतपणे म्हणाल्या की तुमचं कारण मला समजतं, पण तुम्हाला सूट दिली तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणू? नाकाला मिरच्या झोंबल्या, पण नमस्कार करून उठले. बाहेर आल्यावर एका ओळखीच्या बाईने सल्ला दिला, ताप आला म्हणून सांगायचं, सगळेच सांगतात. मी म्हटलं, माझी लेक धडधाकट आहे, तिला मी आजारी पाडणार नाही.

घरी येऊन जे झालं ते लेकीला जसंच्या तसं सांगितलं. नवरा विरघळला. म्हणाला, राहू दे तिला शेजारी, आपण दोघं जाऊन येऊ, माझी बहीण काय समजून घेणार नाही? मी म्हटलं, जिचं बक्षीस तिने ठरवावं. लेक धुसफुसत राहिली, भांडी आदळून घासली, माझ्याशी धड बोलेना. मला वाटलं, ही राहणार. वाईट वाटलं, पण तिला दोष देता येईना. त्या वयात आपलं नाव माईकवरून ऐकायचं कुणाला नको असतं?

निघायच्या दिवशी उजाडताना मी अंगणात आले तर तांदळाचं लहान गाठोडं जागेवर नव्हतं. ते घेऊन ती फाटकापाशी उभी होती. मी विचारलं, "शाळा?"

"बाईंना काल सांगून आले," ती म्हणाली. "ताप नाय सांगितला. आत्याकडं जाते म्हनून सांगितलं."

यंदाचा घाट मला चढल्यासारखा वाटलाच नाही. वरच्या दगडी पायऱ्यांवर ती आमच्या पुढे होती. लेण्यापाशी बसून आम्ही भाकरी खाल्ली, तेवढीच काय ती विश्रांती.

नणंद एकटीच राहते, मुलगे नारायणगावला कामाला. तिचे गुडघे गेलेत, घाट उतरवत नाही. आणि गाडी तिला इतकी लागते की माळशेजचं नाव काढलं तरी तोंडाला पदर लावते. म्हणून कित्येक वर्षं ती खाली आलेली नाही. लेकीने भात रांधला, चुलीला नैवेद्य दाखवला, आत्याला वाढला. जेवताना माझ्या नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजला नाही, बक्षिसाचं सगळं त्याने सांगून टाकलं. नणंदेचा घास हातातच राहिला. मग तिने एवढंच विचारलं की संमेलन कधी आहे.

संमेलनाला ती आली. जीपने, माळशेजच्या घाटाने, हातात लिंबू धरून, वाटेत दोनदा जीप थांबवायला लावून. हायस्कूलच्या पटांगणात उतरली तेव्हा तोंड पांढरंफटक पडलेलं, पण नवं लुगडं नेसलेली. पुढच्या रांगेत जाऊन बसली. लेक लेझीमच्या ताफ्यात होती. तिने आत्याला पाहिलं आणि तिचा हात क्षणभर चुकला. बक्षीस दुसऱ्या मुलीला मिळालं, चांगली मुलगी आहे तीही. माझ्या मनाला लागायचं ते लागलंच, पण माझी लेक टाळ्या वाजवत होती आणि त्या तोंडदेखल्या नव्हत्या.

कार्यक्रम संपल्यावर नणंदेने तिला जवळ घेतलं. घाटभर तिने मनाशी घोळवलेलं असणार ते बोलली. "पुढल्या साली नको येऊ गो. बक्षीस घे. मी काय, कुठलाबी भात खाईन."

लेकीने तिच्या लुगड्यावरची धूळ झटकली. "बक्षीस कोनाला ना कोनाला मिळतंच, आत्या," ती म्हणाली. "तुझ्या चुलीवर नवा भात रांधायला दुसरी कोन येनार?"

नणंद रडली. नवरा उगाच जीपवाल्याला शोधायला गेला. वर्गशिक्षिका तिथेच उभ्या होत्या, त्यांनी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. मी रडले नाही, चारचौघांत रडणं माझ्या स्वभावात नाही. पण घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला, विचारलेलं नसताना, मी सांगत होते की ही माझी लेक.