आधी पाच, नंतर पाच

मालवणला लोक पाण्याखालचे मासे बघायला जातात. मी मुलींचा आत्मविश्वास मोजायला गेले. पुण्यातल्या एका संस्थेने मालवणजवळच्या गावात मुलींसाठी कबड्डीचे वर्ग सुरू केले होते आणि त्यांचा 'परिणाम' तपासायला कुणीतरी रिकामटेकडं हवं होतं. प्रगती दिसली नाही तर गावाला दिलेली मॅट उचलून दुसरीकडे न्यायची, असं ठरलं होतं. मी सुरमईच्या आशेने हो म्हटलं.

जाणार असाल तर सकाळी कुडाळला उतरा. एसटीने मालवण तासाभराचं. पुढे रिक्षा. भाडं आधी ठरवा, नाहीतर ते तुमचा गॉगल बघून ठरतं. मी एका घरगुती खानावळीत उतरले. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ वाढताना मालकीणबाईंनी विचारलं, "स्कूबाक इलास?"

"नाही, कबड्डीचं मूल्यमापन करायला."

त्यांनी न विचारता आणखी एक आंबोळी वाढली. दया आली असावी.

संध्याकाळी शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये बारा मुली आणि त्यांच्या फिलोमिना टीचर भेटल्या. टीचर निवृत्त पीटी शिक्षिका. माझ्या हातात कागद दिसताच त्या शुद्ध मराठीत शिरल्या. "मॅडम, मॅट येण्यापूर्वी आम्ही जांभ्या दगडावर खेळत होतो. मुलींचे गुडघे अवश्य पाहावेत." मी अवश्य पाहिले. जांभ्याने प्रत्येकीवर सही केली होती.

मग मी फॉर्म वाटले. वर्गात येण्याआधी तुझा आत्मविश्वास किती, आता किती. एक ते पाच गुण. पाच मिनिटांत बाराही फॉर्म परत. आधी पाच, नंतर पाच. सगळ्यांचे. प्रगती: शून्य.

"आधी पाच कसे गं?" मी कप्तान सायलीला विचारलं.

"मगे? माझो आत्मविश्वास आधी खंय कमी होतो?"

"मग टीचरनी काय शिकवलं?"

"कबड्डी."

टीचरचं शुद्ध मराठी तिथेच संपलं. "अगो, खोटा तरी लिवा गो! मॅट जातली!"

"खोटा कित्याक लिवू? आणि स्वतःक कमी कित्याक लिवू?"

मी बाराही फॉर्म पिशवीत घातले आणि खानावळीत परतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बांगड्याचं ताट आलं. मी सोलकढीचं कौतुक केलं, तशा मालकीणबाई खुलल्या. "माझी बरी असतलीच. शेजारणीकडे पिया एकदा. निस्ता पाणी!" आणि मग ताट संपेपर्यंत शेजारणीच्या एकूण एक पदार्थाचा निकाल लागला. मी हात धुतला आणि तडक कोरे फॉर्म काढले.

संध्याकाळी मुलींना सांगितलं, "आज स्वतःबद्दल नाही. शेजारी बसलीय तिच्याबद्दल लिहा."

शेडचा पत्रा उडायचाच बाकी राहिला. "शून्य चलता काय, मॅडम?" "पयल्या दिवसा ही डोळे मिटान चढाईक गेली!" "आणि तू गो? तू तर टीचरच्याच अंगावर पडलंस!" टीचर भिंतीकडे तोंड करून हसत होत्या.

सायलीबद्दल मानसीने लिहिलं होतं: 'आधी एक. शाळेत हजेरीला हिच्या वतीने मी हजर म्हणायची. आता पंचाशी भांडते. चार. पाच दिले तर माजेल.'

सायलीने ते वाचलं. कानापर्यंत लाल झाली. "सगळा खोटा," म्हणाली. पण मी हात पुढे केला तरी कागद लवकर सोडेना. पुन्हा एकदा वाचूनच दिला.

पुण्याला परतल्यावर मी दोन्ही गठ्ठे अहवालाला जोडले आणि काय घडलं ते जसंच्या तसं लिहिलं. मुलींना खेळाने नेमकं किती बदललं, ते मला आजही आकड्यात सांगता येणार नाही. एका मुलीला स्वतःच्या तोंडाने 'हजर' म्हणता येतं, एवढं मात्र मी छातीठोक सांगेन. आठवड्याने संस्थेच्या साहेबांचा फोन आला. मॅट गावातच राहणार. ते फारच खूश होते.

"तुमची ही शेजारणीची पद्धत आपण पुण्यातल्या वर्गांनाही लावू."

"नको," मी म्हटलं. "इथे शेजारणीला आधी एक मिळेल आणि नंतर अर्धा."