पाहुणे आमचे, उतरले हॉटेलात

पाहुणे येणार म्हटलं की माझ्या अंगात वारं शिरतं. घर दोन खोल्यांचं, पुढे आमचं किराण्याचं दुकान. पण आमच्या दारात आलेला पाहुणा आजवर दुसरीकडे झोपला नाही. त्यांना आतली खोली द्यायची, यजमानांनी दुकानात बाज टाकायची, आपण स्वयंपाकघरात चटई अंथरायची. त्यात काय मोठं?

म्हणून लेकीनं पुण्याहून फोन केला तेव्हा मी भडकलेच. तिचं आणि तिच्यासोबत काम करणाऱ्या एका मुलाचं जमलं होतं. त्याचे आईवडील नाशिकहून आमचं घर पाहायला येणार होते, आणि हिनं त्यांच्यासाठी पवनीतल्याच त्या नव्या हॉटेलात खोली घेऊन ठेवली होती.

"हॉटेलात? काहून? आपलं घर जळलं काय?"

"आई, दोन रात्रींचाच तर प्रश्न आहे. तिथं त्यांची सोय चांगली होईल."

"सोय नाही, तुले लाज वाटून राहिली आमची!"

तिनं विषयच बदलला, आणि मग तर माझी खात्रीच पटली. शिकली, कमावती झाली, आता आईचं घर दाखवण्यासारखं राहिलं नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण खरा घोर पुढेच होता. सोयरीक अजून पक्की नव्हती. मुलाच्या आईचा होकार यायचा होता. पहिल्याच भेटीत आम्हाला घरात उतरवलं नाही, असं त्या बाईच्या मनानं घेतलं तर?

ते हॉटेल म्हणजे जुन्या गावात, परकोटाच्या भिंतीआत, पूर्वी धानाचं कोठार होतं. आम्ही तिथं पोती उतरताना पाहिलेली. आता भिंतींचा चुना खरवडून विटा उघड्या केल्यात, आणि त्याच पाहायला माणसं येतात. दारात पितळेच्या गुंडात पाणी भरून झेंडूची फुलं सोडलेली. जंगल पाहायला येणारे लोक तिथं एका रात्रीचे किती देतात ते ऐकून आमच्या यजमानांनी हातातला तराजू खाली ठेवला.

लेक आदल्या दिवशीच पुण्याहून आली. पाहुणे आले, संध्याकाळी घरीच जेवले. चिन्नोर तांदळाचा भात केला, सुवाऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या पुऱ्या, तळल्या. मुलाचे वडील गप्पिष्ट. होणाऱ्या विहीणबाई मात्र मोजकंच बोलल्या. मी वाढताना सारख्या माझ्याकडे पाहत होत्या. निघताना म्हणाल्या, "तुम्ही दमला असाल, आता पडा जरा." पडा? ह्याचा काय अर्थ काढायचा? ते गल्लीच्या तोंडाशी पोचले नाहीत तोच शेजारीण हजर. "काहो बाई, पाहुणे हॉटेलात काहून? घरी काही झालं काय?"

त्या रात्री माझ्या पलंगावर मीच होते, तरी डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडताच चहा उकळला, थर्मास भरला आणि निघाले. "आई, कुठं चालली?" लेक ओरडली. मी मागे पाहिलं नाही.

हॉटेलात कोशाची रेशमी साडी नेसलेली एक पोरगी हात जोडून पुढे आली. "पवनीत आपलं स्वागत आहे!"

"अवं बाई, मी इथलीच आहे. लग्न होऊन आली तेव्हा तुझा जन्म तरी झाला होता काय?"

तरी तिनं मला टिळा लावलाच. मग थर्मासकडे बघून म्हणाली, "मॅडम, बाहेरचं आत चालत नाही."

"बाहेरचं नाही जी हे. घरचं आहे."

तेवढ्यात आतून हाक आली. विहीणबाई चौकातल्या झोपाळ्यावर शाल गुंडाळून बसल्या होत्या. "येऊ द्या हो त्यांना. इथल्या चहाला दोरा बांधलेला असतो, मला नाही तो जमत."

मी कपात चहा ओतला. त्यांनी एक घोट घेतला, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. विचारूनच टाकलं, "घरी नाही उतरवलं म्हणून राग तर नाही ना आला? पोरीची अक्कल आहे ही. माझ्या मनात तसं नव्हतं."

"राग?" त्या हसल्या. "तिनं फोनवरच सांगितलं होतं मला. म्हणाली, पाहुणे आले की आई फरशीवर झोपते, सकाळी भिंत धरून उठते आणि कोणाला कळू देत नाही. तिला विचारलं तर नाहीच म्हणेल. तुम्ही रागावू नका, पण हॉटेलात उतराल का?"

मी खाली मान घातली. लाज, म्हणाले होते मी तिला. लाज!

"बसा इथं, पाय वर घ्या," त्या सरकून म्हणाल्या. "माझे गुडघे किती वर्षं दुखतात. घरात दोन मुलगे, नवरा. कोणी ओळखलं नाही हो आजवर. म्हणून म्हणते, आमच्याकडून हो आहे. तुमची मुलगी आम्हाला द्याल ना?"

ही बाई नाही म्हणेल, या भीतीनं माझी झोप उडाली होती. आता ती हो म्हणाली, तर अशी लेक द्यायला माझंच मन धजेना.

"घ्या जी," मी म्हणाले, "चहा थंडा होऊन राहिला."